मठाच्या अंगणातला टोफू

रंगूनवर बॉम्ब पडले आणि नीलम्मा नवऱ्याचा हात धरून चालत निघाली, ती थेट उमरग्यालाच येऊन पोचली, असं लोक सांगत. खरं तर मधे होड्या होत्या, आगगाडी होती, चितगावच्या छावणीतला महिनाही होता. पण डोंगर तिनं पायीच ओलांडले होते. घरी आली तेव्हा तिच्या कमरेला एक पुरचुंडी होती. सोनं असेल म्हणून थोरली जाऊ शांताक्कानं ती सोडून पाहिली, तर आत वाटाण्यासारखे पिवळे, गोल दाणे.

वीरप्पा, म्हणजे नीलम्माचा नवरा, रंगूनला भाताच्या गिरणीत वजनकाट्यावर होता. त्यांच्या शेजारची चिनी बाई रोज सकाळी हे सोयाबीनचे दाणे वाटून त्यांचं दूध काढी, ते फाडून पांढऱ्या वड्या पाडी आणि टोपलीत घालून विकी. त्याला टोफू म्हणत. मासळी-मटणाच्या त्या बाजारात लिंगायताच्या सुनेला बिनघोर खाता येईल असं एवढंच मिळे. आधी नीलम्मा विकत घेई. मग शेजारणीच्या मागं बसून बसून स्वतःच करायला शिकली.

उमरग्यात मात्र शांताक्कानं तिला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. बेडूक खाणाऱ्यांकडून शिकून आलेली बाई आपल्या भांड्यांत काय शिजवील याचा नेम नाही, असं ती चारचौघींत म्हणे. नीलम्मानं वाद घातला नाही. गोठ्यामागच्या पट्टीत तिनं दाणे पेरले. दुसऱ्या सालाला तीच पट्टी वाढवली आणि चार पायली दाणा घरात आणला.

वीरप्पा हिवतापानं वाळून परतला होता. दाणा हाती आल्यावर गोठ्याच्या पडवीत तीन दगड मांडून ती त्याच्यासाठी टोफू करी. कधी वड्या तव्यावर तेलाच्या थेंबात लाल करून वर शेंगाची चटणी भुरभुरवी. कधी कुस्करून कांदा-मिरचीत परतून घेई, तर कधी काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडी. गाळून उरलेला चोथाही ती टाकत नसे. ज्वारीच्या पिठात मिसळून त्याची धपाटी लावी. सहा महिन्यांत वीरप्पा मोट हाकायला उभा राहिला. घरच्यांना वाटलं, हवा मानवली.

चव्वेचाळीस साली बसव जयंतीच्या दासोहाची, म्हणजे मठात सगळ्यांना जेवू घालण्याची, पाळी या घरावर आली. ज्याची पाळी त्यानं दह्यादुधाचं वाढायचं, ही तिथली रीत. पण फाल्गुनात बुळकांडी, गुरांची साथ, आली आणि गावातली निम्मी जनावरं घेऊन गेली. या घरच्या चारही म्हशी गेल्या. अख्ख्या गल्लीत तांब्याभर दूध मिळायची पंचाईत. दासोह तीन दिवसांवर आला तेव्हा शांताक्का रिकाम्या दावणीपाशी पदर तोंडाला लावून बसली होती. घराची अब्रू जाणार, हे तिच्या तोंडून निघत नव्हतं एवढंच.

नीलम्मा तिच्या शेजारी जाऊन बसली.

"अक्का, म्या वाढते. म्हशीबिगर दूध काढते न् त्याच्या वड्या करते."

शांताक्कानं पदरानं तोंड पुसलं. हो म्हणाली नाही, पण या वेळी अडवलंही नाही.

बातमी मठात पोचायला वेळ लागला नाही. पंचांतले कल्याणप्पा उखडले. परमुलखातला पदार्थ, त्यात अंडं आहे की हाड कुणी पाहिलंय, जंगम गुरूंच्या पानात असलं काही पडता कामा नये, असं त्यांनी सुनावलं. मठाचे वृद्ध स्वामी शांतपणे ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "बाईनं इथंच करावं. अंगणात, सगळ्यांच्या देखत. मग कुणी काय इचारायचं राहतंय?"

झालं. जयंतीच्या सकाळी भिजलेले दाणे घेऊन नीलम्मा मठाच्या अंगणात उतरली. चार बायका पाट्यांवर बसल्या. तिनं त्यांना दाणे चोळून सालं काढायला आणि पाणी घालत लोण्यासारखं वाटायला सांगितलं. धोतराच्या फडक्यातून पिळून काढलेलं दूध मोठ्या पातेल्यात चुलीवर चढलं. पांढरं शुभ्र दूध बघून लोक जवळ सरकले. कल्याणप्पा तर पाट घेऊन चुलीसमोरच बसले. फेस वर आला की नीलम्मा गार पाण्याचा हबका मारी, कच्चा वास जाईपर्यंत ढवळत राही.

मग पातेलं उतरवून तिनं लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू सोडला. एक पळी, दोन पळ्या. दूध तसंच. घरी ती पितळीभर दूध फाडत आली होती, हे हंडाभर होतं. तिनं बोट बुडवून पाहिलं तर दूध कोमट झालेलं. तिनं पातेलं पुन्हा जाळावर ठेवलं, वाफ येऊ दिली आणि तिसरी पळी कडेकडेनं फिरवली. आधी बारीक कण दिसले. मग ढगासारखे गोळे सुटले आणि खाली पिवळसर निवळ पाणी राहिलं.

"फाटलं," शांताक्का हलकेच म्हणाली. ती केव्हा येऊन पाठीमागं उभी राहिली, ते नीलम्माला कळलंच नव्हतं. शांताक्कानं पदर खोचला आणि फडक्याची दोन टोकं धरली.

गोळे फडक्यात बांधून वर पाटे ठेवले. तासाभरानं सोडलं तेव्हा आत घट्ट, पांढऱ्या लाद्या. सुरी फिरली की स्वच्छ वडी पडे. निम्म्या वड्या तव्यावर खरपूस झाल्या, निम्म्या शेंगाकूट घातलेल्या रश्श्यात गेल्या. पहिलं पान स्वामींचं. त्यांनी वडी मोडली, खाल्ली आणि मान हलवून शेजारच्या पानांकडं वाढायची खूण केली. कल्याणप्पांनी आधी चिमूटभर तोंडात घातलं. मग भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. पंगत उठायला आली तरी त्यांचा हात थांबला नव्हता. तिसऱ्यांदा त्यांनी पान पुढं केलं तेव्हा वाढायला नीलम्माच होती.

"लई झ्याक," ते खाली बघत म्हणाले. "आमच्या सुनेला, गौराबाईला, शिकीवशील का?"

"व्हय की," नीलम्मा म्हणाली. "बी पण देते."

त्या दिवशी नव्वद पानं उठली. मृगाला गावातल्या अकरा परसांत ते पिवळे दाणे पेरले गेले. पुढच्या माघात लांबच्या वाशी गावाहून एका व्यापाऱ्याची छकडागाडी आली. लेकीच्या लग्नात पाहुण्यांना उमरग्याचा टोफू वाढायचा होता आणि तो करणारीला मानानं घेऊन यायला सांगितलं होतं. नीलम्मा गाडीत बसली. तिच्यामागून शांताक्का चढली, लिंबांची टोपली मांडीवर घेतली आणि गाडीवानाला म्हणाली, "हाक बाबा आता. धाकटी हाय म्हून काय झालं, तिथं ती सांगंल तसंच करायचं हाय."