आठवीचा मांडव

भूगोल हा माझा विषय नव्हता. मी बी.एस्सी. केलं ते पदार्थविज्ञानात, आणि तलासरीच्या अलीकडच्या त्या हायस्कुलात मला तासिकेवर घेतलं तेही विज्ञानासाठीच. पण भूगोलाचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी २०१८च्या जूनमध्ये आठवीचं नवंकोरं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, अणूच्या आत काय ते तुम्ही सांगताच, आता पृथ्वीच्या आत काय तेही सांगा.

पहिला पाठ होता स्थानिक वेळेचा आणि दुसरा पृथ्वीच्या अंतरंगाचा. तो मी पावसाळ्यात शिकवला. भूकवच, प्रावरण, गाभा. मुलांनी आकृती काढली, रंग भरले आणि सगळे विसरून गेले. मग दिवाळीनंतर जमीन हलायला लागली.

डहाणू-तलासरीकडच्या माणसाला त्या हिवाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको. आधी मोठा ट्रक गेल्यासारखा आवाज यायचा, मग हादरा. बाहेरून कोणी आलं की विचारायचं, तुम्हाला कळला का, आणि आम्ही म्हणायचो, कुठला? फेब्रुवारीत एक चांगलाच जोराचा बसला. आठवीच्या खोलीचं प्लॅस्टर पडलं आणि छताला तडा गेला. सुदैवाने तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. मोठ्या सरांनी खोलीला कुलूप घातलं, तंबूसाठी अर्ज पाठवला, आणि आठवीचा वर्ग चिंचेखाली आला.

चिंचेखाली एक गोष्ट बरी झाली. सावली सरकेल तशा आम्ही सतरंज्या सरकवायचो, त्यामुळे स्थानिक वेळेचा पाठ ज्यांना जूनमध्ये कळला नव्हता त्यांना तो आता कळला. पण मार्च लागला तरी तंबू आला नाही, चिंचेची पानं झडली, आणि दुपारी सगळ्यांना पुरेल एवढी सावलीच उरेना. दुसऱ्या खोल्यांमध्ये जागा होती, पण छताखाली बसायला मुलं तयार नव्हती आणि पालक तर त्याहून नाही.

आठवीचं मला जास्त भय होतं. इथली मुलं सातवीपर्यंत पाड्यावरच्या शाळेत शिकतात. घर दिसत असतं, गुरुजी ओळखीचे असतात. आठवीला पहिल्यांदा हायस्कुलात येतात, लांबून चालत. विज्ञान वाढतं, बीजगणित आणि भूमिती सुरू होते, प्रत्येक तासाला वेगळा माणूस येऊन उभा राहतो. ते वर्ष निभावलं की पोर सहसा दहावीपर्यंत टिकतं. पण त्या वर्षी मध्येच उठून गेलं की परत येत नाही. जानेवारीत दोघं जण ‘होळीनंतर येतो’ असं सांगून आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेले होते. त्यांच्या जागा सतरंजीवर रिकाम्याच राहत. तिथे कोणी बसत नसे.

तानी त्या वर्गातली. हात वर न करता थेट प्रश्न विचारायची, आणि उत्तर पटलं नाही की तोंड तसंच ठेवून बघत राहायची. मार्चच्या सुरुवातीला तिने विचारलं, की पृथ्वीच्या आत काय आहे ते पुस्तकात लिहिलंय, पण तिथे गेलंय कोण? कोणीच गेलं नसेल तर कळलं कसं?

हा प्रश्न जुलैमध्ये कोणी विचारला नव्हता. मी तो पाठ पुन्हा घेतला. डहाणूहून येताना हायवेला विवळवेढ्याच्या देवळापाशी ताडगोळे विकायला माणसं बसलेली असतात, तिथून थोडे घेऊन आले. एक गोळा हातात धरून म्हटलं, ही वरची पिवळी साल म्हणजे आपलं भूकवच, हा गर म्हणजे प्रावरण, आणि आतलं पाणी म्हणजे बाह्यगाभा, तोही द्रवच आहे. अगदी मध्ये घनगाभा असतो, तो ताडगोळ्यात नाही. वर्गातला चैत्या म्हणाला, “मग आत खडा टाकू का, मॅडम?”

खडा न टाकता मी पुढे गेले. विहिरीचा दोर आणला, एक टोक चैत्याकडे दिलं आणि दोर आडवा हलवला. लाट दोरातून पळत गेली. मग विचारलं, असं आडवं झटकून पाण्याच्या आतून लाट पाठवता येईल का? दोराला पीळ आहे, ताण आहे, तो परत जागेवर खेचला जातो. पाणी खेचलं जात नाही. भूकंपाच्या लाटांमध्येही अशी एक जात असते, ती द्रवातून पुढे जात नाही. जगाच्या एका बाजूला भूकंप झाला की ही लाट दुसऱ्या बाजूला ठरावीक भागात पोचतच नाही. त्यावरून कळलं, की आत कुठेतरी द्रव आहे.

तानीने हातातला ताडगोळा दाबून पाहिला. मग म्हणाली, “म्हणजे धरती हलली नसती तर आत काय आहे ते कळलंच नसतं.”

मी होय म्हटलं. तिने हातातला गोळा सोलून खाल्ला.

चार-पाच दिवसांनी तिचा बाप आला. काळ्या त्याचं नाव. वारली, थोडी भातशेती, एरवी मजुरी. तो चिंचेपासून जरा लांब उभा राहिला आणि तास संपेपर्यंत थांबला. मग म्हणाला, “मॅडम, पोरीला घेऊन जातो.”

किती दिवसांसाठी, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. त्यानेच सांगितलं. त्याचा मेहुणा वाणगावजवळ चिकूच्या वाडीवर राखणीला होता. तिथे एक खोली मिळत होती. होळीच्या आधी सगळ्यांनी तिकडे जायचं, पाऊस पडेपर्यंत राहायचं. होळीच्या आधी, हे ऐकून मी चमकले. या भागातला माणूस मुंबईला असो की भट्टीवर, होळीला घरी येतो. हा होळी सोडून निघाला होता. त्याच्या मोबाइलवर मेसेज आला होता, की होळीच्या दिवशी दुपारी मोठा धक्का येणार आणि इथलं एक घर उभं राहणार नाही. तो मेसेज पाड्यावरच्या प्रत्येकाकडे होता.

मी म्हटलं, अशी तारीख कोणी सांगू शकत नाही. त्याने मान हलवली, पण ती नुसती मान होती. मी रोज संध्याकाळी डहाणूला परत जाणारी बाई. माझ्या घराची कौलं जागेवर होती.

तेव्हा तानी उठून आली. तिने बापाला ताडगोळ्याचं सांगितलं, भराभर, त्यांच्या बोलीत. मला सगळं कळलं नाही, पण साल, गर, पाणी हे हातांवरून कळत होतं. आपण सालीवर राहतो, साल कुठे कुठे चिरलेली असते, ती सरकते. काळ्याने शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं.

“थांबणार कधी?”

“ते कोणालाच सांगता येत नाय.”

“मॅडमला पण नाय?”

“नाय.”

“पुस्तकात असेल ना.”

“पुस्तकातच लिवलंय, सांगता येत नाय म्हणून,” तानी म्हणाली.

काळ्या थोडा हसला. मला वाटतं, इतक्या दिवसांत ‘माहीत नाही’ असं छापील सांगणारं त्याला काहीतरी पहिल्यांदाच भेटलं होतं. पण तरी त्याचं जाणं ठरलेलं होतं. मेहुण्याला शब्द दिला होता, बायकोने भांडी बांधली होती. तो म्हणाला, होळीपर्यंत पोर येईल शाळेत. मग वर बघून, चिंचेच्या झडलेल्या फांद्यांकडे, म्हणाला, या उन्हात पोरं बसतात होय? आणि कोणाला न विचारता सांगून टाकलं, की उद्या मांडव घालतो.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा पाड्यावरची माणसं आलीच होती. लग्नघरी जसा मांडव उभा राहतो तसाच हा उभा राहत होता. ज्याच्याकडे जे असेल ते तो आणतो: कोणी बांबू, कोणी पेंढा, कोणी नुसते हात. खिळा एकही नव्हता. सगळं दोरीने आणि वेलीने बांधलेलं. मी एक खांब हलवून पाहिला, तर अख्खा मांडव थोडा डुलला आणि पुन्हा जागेवर आला. यापेक्षा भूकंपाला चांगली इमारत मला सुचली नसती. आणि पडलाच, तर पडणार होता पेंढा.

हात सवयीने चालत होते. त्यामुळे झालं असं, की खड्डे खणून झाल्यावर काळ्याने पहिला खांब रोवला तो उंबराचा. लग्नाच्या मांडवाला उंबर लागतो, तसा. बायकांनीही न विचारता आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मोठे सर बाहेर येऊन बघतच राहिले. कोणाच्या तरी ध्यानात आलं, आणि मग चिडवाचिडवी सुरू झाली. नवरा कोण? आठवी. नवरी कोण? बीजगणित. चैत्याने तोंड पाडून सांगितलं, की या सोयरिकीला आपला नकार आहे.

रस्त्याने लाडकी जात होती. लाडकी म्हणजे त्या भागातली धवलेरी. वारल्यांची लग्नं बाई लावते, तास न् तास गाणी म्हणून, आणि तिला धवलेरी म्हणतात. तिने उंबर पाहिला, तोरण पाहिलं आणि ती थेट आत आली.

“लगीन कोणाचं? आन् मला बोलावणं नाय?”

सगळे हसले. काळ्याने कान पकडले आणि खरं काय ते सांगितलं. लाडकी सतरंजीवर बसली, पाणी प्याली. फळ्यावर ताडगोळ्याच्या पाठाची पृथ्वीची आकृती अजून होती, ती तिने नीट पाहिली. मग विचारलं, उंबर कोणी रोवला?

“मीच,” काळ्या म्हणाला.

“तू तर होळीआधी चाललास ना वाणगावला?”

हे तिला कोणी सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही. पाड्यावर अशा गोष्टी सांगाव्या लागत नसतील.

“उंबर रोवणारा मांडव उतरेपर्यंत गाव सोडत नाय,” लाडकी म्हणाली. “लगीन अर्धं टाकून बाप पळाला, असं मी कधी पायलं नाय.”

हसणं थांबलं. काळ्याने उंबराकडे पाहिलं, मग लाडकीकडे. त्याने मला विचारलं, की मांडव उतरायचा कधी. मी म्हटलं, वार्षिक परीक्षा झाली की. एप्रिल. तो खाली बसला, तंबाखू मळली, आणि बराच वेळ नुसती मळतच राहिला. तानी फळ्याजवळ उभी होती. खडू तिच्या हातात होता आणि ती तो नखाने खरवडत होती. तिने बापाकडे एकदाही पाहिलं नाही.

शेवटी काळ्याने तंबाखू न खाता झटकून टाकली. “भांडी सोडायला सांगतो घरी,” तो म्हणाला.

नंतर मी चौकशी केली. शास्त्र शिकलेल्या माणसाला ती सवयच असते. उंबर रोवणाऱ्याने गाव सोडायचं नाही असा रिवाज खरंच आहे का, हे मी पाड्या-पाड्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. काही हो म्हणाले, काहींनी असं कधी ऐकलं नव्हतं, एक जण नुसता हसला. लाडकीला विचारलं तर तिने मलाच उलट विचारलं, की तुमच्यात मांडव घालून माणसं पळतात का? मी तो प्रश्न तिथेच ठेवला. काही उत्तरं मिळाली नाहीत तरी माणूस ऋणी राहू शकतो.

होळीची ती दुपार आली आणि गेली. काळ्याचं कुटुंब अंगणात बसून होतं, असं तानीने सांगितलं. सगळे खापरातल्या पाण्याकडे बघत होते, की हलतं का. हललं नाही. हादरे मात्र पुढेही येत राहिले, परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा. विज्ञानाच्या पेपरला एक आला. मांडव डुलला, पेंढ्याच्या चार काड्या उत्तरपत्रिकांवर पडल्या. मुलांनी त्या फुंकून टाकल्या आणि लिहीत राहिली. मी फळ्याला धरून उभी होते, ते कोणी पाहिलं नसावं.

तानी पास झाली. भूगोलाच्या पेपरात ‘भूकंपाचे पूर्वानुमान का करता येत नाही’ यावर तिने पान भरून लिहिलं होतं. एका ठिकाणी ताडगोळ्याची आकृती होती, मध्यभागी खड्यासकट. मी पूर्ण गुण दिले.

एप्रिलच्या शेवटी माणसं पुन्हा आली आणि मांडव उतरवला. बांबू ज्याचे त्याने नेले. उंबराचा खांब काळ्याने काढला नाही. मी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, “असू दे. पोरगी नववीत जायची आहे ना अजून.”

सुट्टीनंतर मी परत आले तेव्हा आधी तो खांब जाऊन पाहिला. उंबर रुजतो असं ऐकलं होतं, म्हणून नखाने साल खरवडून पाहिली. तो रुजला नव्हता, आतून वाळला होता. पण सरळ उभा होता.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर मुलं दारं उघडी ठेवून पुन्हा खोल्यांत बसू लागली. पाड्यांवरून नवी आठवी आली, थोडी बावरलेली, नवी दप्तरं पोटाशी धरून. पहिला पाठ स्थानिक वेळेचा. पाऊस उघडला आणि ऊन पडलं तशी मी त्यांना मैदानात नेलं, उंबराच्या खांबाभोवती उभं केलं आणि त्याची सावली कुठे पडते ते खडूने आखायला सांगितलं. नववीच्या खिडकीतून तानी ओरडून सांगत होती, की खडू भिजेल, दगड ठेवा.

आम्ही दगड ठेवले.