दुसरी खेप

लताबाईने झोपडीवरची ताडपत्री ओढून काढली, अंगाभोवती गुंडाळली आणि ती बेटाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. सायखेड्याच्या खाली गोदावरी पसरते, तिथलं हे उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर वर येणारं उघडंबोडकं बेट. मासेमारीपुरतं राहायला बरं, पण वारा उठला की पाणी थेट चुलीत. समुद्रातलं वादळ नाशिककडे वळल्याचं फोनवर सकाळीच आलं होतं.

"आधी आई अन् जाळी मधल्या बेटावर टाकतो," तिचा नवरा सहादू म्हणाला होता. "तिथं बाभळींचा आडोसा हाय. मग तुला नेतो. तिथून समदे संगं काठाला जाऊ."

होडी लहान, त्यात जाळी भिजून जड झालेली. तिने मान डोलावली होती.

आता पाण्यावर एक पाखरू नव्हतं. मधल्या बेटावर नवऱ्याचा लाल सदरा दिसत होता. तिने पदर हलवला. त्यानेही हात वर केला आणि तो बाभळीखाली जाऊन बसला.

बिडी ओढून येईल, ती मनाशी म्हणाली. बिडीशिवाय त्याला काही सुचत नाही, हे काय नवीन होतं? पण एक बिडी किती वेळ पुरते? पाणी चुलीच्या दगडांना लागलं, तशी तिला खरीखुरी भीती वाटली. आणि आपण अजून त्याचीच बाजू घेतोय, याचा रागही आला.

तेवढ्यात होडी सुटली. मधल्या खडकांच्या आडोशाने, वाकडीतिकडी येऊ लागली. वल्हवणाऱ्याचा सदरा लाल नव्हता. कासोटा खोचलेलं हिरवं लुगडं होतं. भागीबाई, तिची सासू. इतक्या वर्षांत सुनेच्या कालवणाला जिने एकदा बरं म्हटलं नव्हतं, ती.

"चढ. दुसरं वल्हं घे."

"आत्याबाई, हे कुठं हायेत?"

"वारा पडू दे म्हणतो." भागीबाई पाण्यात थुंकली. "मीच जल्माला घातला. काय करू?"

लताबाई होडीत चढली आणि तिने दुसरं वल्हं घेतलं. मधल्या बेटाशी सहादू गुडघाभर पाण्यात उभा होता.

"निघतच व्हतो मी," तो म्हणाला.

होडीत चढताना त्याने जाळ्यांकडे वळून पाहिलं.

"राहू दे ती," भागीबाई म्हणाली.

पलीकडचा काठ आता दिसत नव्हता. काळं आभाळ पाण्याला टेकलं होतं आणि आडोसा म्हणावा असं पुढे एकही बेट नव्हतं. सहादूने बायकोपुढे हात केला.

"आण वल्हं. पुढचं पाणी लय मोठं हाय."

लताबाईने वल्हं सोडलं नाही.

"तुम्ही मधी बसा," ती म्हणाली. "पाणी उपसा."

भागीबाईने मागे न बघता वल्ह्याचा पहिला हात मारला. लताबाईने तिच्याबरोबर मारला. सहादू थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग खाली बसून त्याने डबा उचलला.