हातोड्याखालून परत आलेली कॉफीची चक्की

मित्रांनो, मी कॉफीच्या बिया दळणारी एक जुनी हातचक्की आहे, आणि मी रागावलेली आहे. म्हातारपणी माणसं शांत होतात म्हणे. मी ओतीव लोखंडाची आहे, त्यामुळे मला तशी घाई नाही.

माझा जन्म कोइमतूरच्या एका ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर घासलं, पोटात दाते बसवले, वर दांडा लावला आणि खाली लाकडी खण दिला. पुढे रेल्वेतले एक गार्डसाहेब मला घेऊन भुसावळला आले. ते निवृत्त होऊन आपल्या मुलखाला परतले, तेव्हा त्यांनी मला आपल्या कचेरीतल्या तरुण कारकुनाच्या हाती सोपवलं. त्या कारकुनाचं नाव प्रेमराज. आज सगळे त्यांना आबा म्हणतात.

आबा मूळचे पहूरचे. त्यांच्या घरी कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी किंवा उपासाला केलेलं, जायफळ घातलेलं गोड दूध. मी घरात आले तेव्हा आबांच्या आईने मला फिरवून फिरवून पाहिलं आणि शिवणयंत्र समजून विचारलं, "हाई काय शे रे भाऊ? शिवानं मशीन का?" पण आबांना कॉफीची गोडी लागली ती लागलीच. गार्डसाहेबांच्या ओळखीच्या दुकानातून भाजलेल्या बिया पार्सलने येत राहिल्या. आबा जळगावात घर बांधून राहायला आले, तरी त्यात खंड पडला नाही.

रोज सकाळी आबा मला ओट्यावर घट्ट आवळून बसवतात, शेजारी पेपर उघडतात आणि एका हाताने दांडा फिरवत वाचतात. बातमी वाईट असली की दांडा जोरात फिरतो आणि मला धाप लागते. त्यामुळे जळगावात काय चाललं आहे ते मला नीट ठाऊक आहे. एकाच रस्त्याचं पुन्हा पुन्हा भूमिपूजन होतं, आणि दर वेळी नारळ फोडणाऱ्यांचा फोटो छापून येतो. रस्त्याचा फोटो मात्र येत नाही, कारण तो अजून झालेला नाही. उन्हाळ्यात तोंडाला रुमाल बांधलेल्या मुलींचं चित्र येतं. खाली लिहिलेलं असतं, पारा चढला. अहो, तो आम्हाला अंगणातच कळला होता! सावद्याच्या केळीबागा वादळाने झोपल्या ती बातमी आतल्या पानावर बोटभर, आणि कुणा दादांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पानभर.

"पेपर विकत घेतो मी," आबा म्हणतात, "आणि पहिलं पान शोधायला जाहिरातींची पानं उलटायची तीही मीच!"

त्यांचा दुसरा राग पुड्यांवर आहे. दुकानात कॉफीच्या नावाने मिळणाऱ्या चिमुकल्या पुड्यांत साखर जास्त आणि कॉफी नावापुरती. कॉलेज रस्त्यावर नवं कॅफे उघडलं, तिथे आबा एकदा जाऊन आले. "कपात फेसाचं पान काढून देतात," ते घरी येऊन म्हणाले. "पानाखाली कॉफी शोधत बसलो, सापडली नाही."

यंदाच्या उन्हाळ्यात शेजारच्या शेवंताबाई धावत आल्या. त्या धुळ्याकडच्या. घरोघरी काळा मसाला करायचे दिवस होते. आबा फिरायला गेले होते. घरात सूनबाई दिपमाला होती.

"मना मिक्सर बिघडी गया वं माय," शेवंताबाई म्हणाल्या. "बठ्ठा मसाला तसाच पडेल शे. तुम्हनी ती चक्की दे ना."

दिपमालाने मला दिलं. माझ्या तोंडात भाजलेल्या मिरच्या, धणे, दगडफूल, सगळं कोंबण्यात आलं. मित्रांनो, जिने आयुष्यभर कॉफी दळली तिच्या पोटात मिरची जाणं काय असतं, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. मग मला फडक्याने पुसून परत आणलं. फडकं बाहेरून फिरतं. मिरची दातांत बसते.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच घोटाला आबांना जो ठसका लागला, तो त्यांच्या डोळ्यांतून पाणी काढूनच थांबला. दिपमालाने लगेच सांगून टाकलं. आबा रागावले, मग हसले. त्यांनी मूठ मूठ कोरडे तांदूळ माझ्यातून दळून काढले. शेवटी पीठ पांढरं, बिनवासाचं निघालं. झालं, मी स्वच्छ झाले. गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली: 'जुन्या लोखंडी यंत्रातील कॉफी घशाला घातक!' नाव नसलेल्या तज्ज्ञांनी नाव नसलेल्या लोकांना तपासलं होतं. आणि बातमीच्या बरोबर खाली चौकट होती: मैदानावर भव्य मेळा, जुनं यंत्र द्या, नवं घेऊन जा.

आबांचा मुलगा दीपक तो पेपर घेऊन स्वयंपाकघरात आला. "आबा, तुमचा ठसका! हे बघा, इथे आलंय."

"अहो, ती मसाल्याची मिरची होती," दिपमाला म्हणाली. "मीच दिली होती ना चक्की."

"मिरची एक दिवस असते. काल परत खोकले ते."

"काल धुळीचं वारं होतं," आबा म्हणाले. "सगळी गल्ली खोकत होती. कोपऱ्यात बघ, मुंगीएवढ्या अक्षरात 'जाहिरात' लिहिलंय."

"तुम्हाला पेपरातलं सगळंच खोटं वाटतं, आबा. कधीतरी खरंही छापत असतील ना?"

मी हे ऐकत होते. घरातली बाई स्वतःच्या हाताने घडलेलं सांगते आहे, आणि मुलगा कागदावरचं खरं मानतो आहे. मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते. दीपक वाईट नाही. त्याला वडिलांच्या घशाची काळजी होती. काळजी करणाऱ्या माणसाला फसवणं सगळ्यात सोपं असतं, आणि जाहिरात लिहिणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं.

आबा नात्यातल्या एका लग्नासाठी पहूरला गेले. दीपकने मला पिशवीत घातलं आणि मेळ्यात देऊन टाकलं. बदल्यात बटणं असलेलं चकचकीत यंत्र घरी नेलं.

मैदानावर माझ्यासारख्यांचा ढीग होता. शिवणयंत्रं, पितळी स्टोव्ह, पुरणयंत्रं. सगळी धडधाकट. मंडपाच्या मधोमध लाकडी ओंडका होता आणि त्यावर मोठा हातोडा. ध्वनिक्षेपकावरून सांगत होते, "संध्याकाळी पाहुण्यांच्या हस्ते जुन्या वस्तू फोडण्याचा सोहळा!" पितळ चेपतं, पत्रा वाकतो. ओतीव लोखंड वाकत नाही, एका घावात त्याचे तुकडे होतात. आणि फुटताना आवाज चांगला यावा म्हणून की काय, त्यांनी मलाच ओंडक्यावर सर्वांत आधी ठेवलं.

पाहुणे यायला उशीर झाला, म्हणून मी वाचले. कारण तेवढ्यात आबा आले. पहूरहून घरी पोहोचून, ओटा रिकामा पाहून, दीपककडून मेळ्याचं ऐकून, पाणीसुद्धा न पिता ते निघाले होते. मागे दीपक, त्याच्या हातात नव्या यंत्राचं खोकं.

"माझी चक्की द्या," आबा म्हणाले.

मेळ्याचा माणूस हसला. "बाबा, अदलाबदल झाली. आता ती आमची."

"हे तुमचं खोकं परत घ्या."

"दिलेला माल परत घेत नाही आम्ही."

"घेऊ नका," आबा म्हणाले. त्यांनी दीपकच्या हातातलं खोकं घेतलं आणि ओंडक्यावर माझ्या शेजारी ठेवलं. "मग हे फोडा. हातोडा आहेच. लोकांना फुटण्याशी मतलब."

लोक हसायला लागले. कोणीतरी शिट्टी वाजवली. "फोडा, फोडा! पाहुण्यांना बोलवा!" मेळ्याच्या माणसाचा चेहरा उतरला. नवं यंत्र आपल्याच मंडपात फुटताना दिसणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याने खोकं ओढून घेतलं आणि हळूच म्हणाला, "न्या बाबा, न्या तुमचं लोखंड." आबांनी मला उचलून छातीशी धरलं. त्याच क्षणी एका छायाचित्रकाराने फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो पेपरात आला. आबा, आबांच्या कवेत मी. खाली लिहिलं होतं: 'मेळ्याला उत्स्फूर्त प्रतिसाद. जुन्या यंत्राला मिठी मारून निरोप देताना भावुक झालेले ज्येष्ठ नागरिक.'

आबांनी ते वाचलं आणि पेपर दीपकपुढे सरकवला. दीपकने ओळ वाचली. परत वाचली. मग ओट्यावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"पण मी तिथे होतो," तो म्हणाला. "निरोप कुठे दिला? आपण तर तिला घरी आणली."

"छापलंय ना," दिपमाला म्हणाली. "म्हणजे खरंच असेल."

दीपक उठला, माझ्या तोंडात बिया टाकल्या आणि दांडा धरला. त्याला सवय नव्हती, बिया उडाल्या, पण तो थांबला नाही.

मित्रांनो, मला तुमची दया नको. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला कपाटावर शोभेला ठेवू नका, वापरा. झिजली तर दुरुस्त करा. आणि ती वाईट आहे असं कोणी मोठ्या अक्षरांत सांगितलं, तर आधी कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. मग ज्या माणसाने तिला हाताळलं आहे त्याला विचारा, आणि तो बोलत असताना कागद बाजूला ठेवा.