वाळूच्या दांड्यावरची अस्वलीण

विसावायला समुद्रावर बर्फाचा तुकडाही उरला नव्हता, म्हणून आर्क्टिकमधल्या रँगेल बेटावरच्या वाळूच्या दांड्यावर हजारो सुळेवाले वॉलरस एकमेकांना खेटून पडले होते. राखणदार तिनेना दगडाआड पालथी पडून त्यांच्यावर नजर ठेवून होती. शेजारी तिचा थोरला भाऊ ओम्रिन.

"दादा, तिकडे बघ."

एक अस्वलीण पिल्लाला घेऊन कळपाकडे सरकत होती. तिच्या कंबरेची हाडं कातड्यातून वर आली होती. ती धावून गेली असती, तर सगळा कळप घाबरून पाण्याकडे उसळला असता आणि लहान पिल्लं चिरडली असती.

ओम्रिनचा हात बंदुकीकडे गेला.

"हवेत बार काढलास तरी तेच होईल," तिनेना म्हणाली आणि काठी घेऊन उठली.

"तुला रेनडिअर वळायला धाडलं असतं तर बरं झालं असतं," तो पुटपुटला, पण मागोमाग निघाला.

ती कळप आणि अस्वलिणीच्या मधे जाऊन उभी राहिली. अस्वलीण फुसफुसत आणखी पुढे आली. तिनेनाने काठी आडवी धरली आणि हळू आवाजात म्हणाली, "बस झालं, बाई. इथून पुढे नाही."

मागे वॉलरसांनी माना वर केल्या. कडेचे काही धपाधप पाण्यात घसरले. तिनेनाने श्वास रोखला. बाकीचे जागचे हलले नाहीत.

अस्वलिणीचं पिल्लू मागे राहून रडायला लागलं. अस्वलिणीने एकदा कळपाकडे पाहिलं, मग ती वळली आणि टेकाडामागे जाऊन आडवी झाली.

"सुटलो," ओम्रिन म्हणाला.

तेवढ्या धांदलीतही वॉलरसाचं एक पिल्लू चिरडलं होतं. लाटा त्याला हलवत होत्या. तिनेना पाण्यात उतरली आणि त्याला दोर बांधू लागली.

"तिनेना, अस्वलांना खायला घालायचं नाही. नियम आहे."

"मी कुठं घालतेय? वाहून जाऊ नये म्हणून वर ओढतेय."

"टेकाडापर्यंत?"

तिनेनाने दोर खांद्यावर टाकला. ती एकटीच खेचू लागली, तर ओझं जेमतेम वाळूवर आलं. ओम्रिनने टेकाडाकडे पाहिलं. अस्वलाचं पिल्लू आईच्या कोरड्या सडाला लुचत होतं. त्याने बंदूक पाठीवर टाकली आणि दोराचं दुसरं टोक हातात घेतलं.

वास लागताच अस्वलीण उठून बसली. दोघांनी दोर सोडला आणि पाठ न फिरवता हळूहळू मागे सरकले.