सोनूबाईची साक्ष

सकाळपासून सोनूबाईचा पाय घरात ठरत नव्हता. चहा उतू गेला, वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे बसले, तरी तिचं लक्ष दारातल्या टेम्पोकडे. टेम्पो तिच्या थोरल्या लेकाचा. तो दर्यात बुडाला तेव्हापासून सून हेमांगीच तो चालवत होती, कोळणींच्या टोपल्या बाजाराला नेत होती. हात पक्का, पण परवाना नाही. तिच्या जन्माची नोंद कुठे नव्हती आणि शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. मध्यंतरी पोलिसांनी अडवलं आणि पुन्हा सापडलीस तर टेम्पो जप्त, असं बजावलं.

अशांसाठीच राज्य सरकारने नवा कायदा केला होता. कागद नसला तरी गाडी चालवून दाखवायची, गावातल्या दोघांनी 'ही आमच्या गावची' म्हणून साक्ष द्यायची, की चालकपत्र हातात. त्याचं शेवटचं शिबिर आज तालुक्याला होतं. शेजारची मनुबाई साक्षीला तयार होऊन बसली होती. साक्षीत एक तरी पुरुष हवा असं वाटून सोनूबाईनेच गुणाजी नाखव्याला गळ घातली होती. तो गावचा पंच, आणि धाकटा विनेश त्याच्याच होडीवर खलाशी. स्वतःचं नाव सोनूबाईच्या मनातही आलं नाही. विधवेला कोण कधी साक्षीला बोलावतं?

गुणाजी आला तो अंगणातच थांबला.

"वयनी, मी न्हाय येनार. आज माझी नवी होडी पान्यात उतरतेय. आन खरं सांगू? म्हावऱ्याचा टेम्पो म्हंजे रस्त्यावरची होडीच. विधवेचा हात लागला की बरकत जाते."

"तुमच्या जाल्यात म्हावरं कमी आलं, त्यात माझ्या स्टेरिंगचा काय दोष, नाखवा?" हेमांगी म्हणाली.

गुणाजीने तिच्याकडे पाहिलंही नाही. "वयनी, तुमीच समजवा हिला. तुमी जनमभर रीत पाळलीत, उतरत्या होडीसमोर कदी आला न्हाय. आन विनेश माझ्याकडं कामाला हाय, तेवडं ध्यानात ठेवा."

तो गेला. सोनूबाई उंबऱ्यावर बसली, लगेच उठली. रीत तिने पाळली होतीच. थोरल्याची होडी उतरली तेव्हा सारा गाव किनाऱ्यावर नाचला आणि जन्म देणारी आई मागच्या दाराच्या फटीतून बघत राहिली. एवढं करून दर्याने लेक नेलाच. मग कुणासाठी लपलो आपण? तिला गुणाजीचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

"मनुबाय, ऊठ," ती म्हणाली. "दुसरी साक्ष माझी."

"आये, चालंल का?" हेमांगीने विचारलं.

"सरकारनं गावचं मानूस मागितलंय. मी गावची न्हाय का?"

शिबिरात ते चाललं. साहेबाने नाव विचारलं, अंगठा घेतला, विधवा का सधवा हे विचारलंच नाही. हेमांगीने अरुंद जागेतून टेम्पो असा काढून दाखवला की मनुबाईने तोंडात बोट घातलं.

परतताना गावाच्या तोंडाशी नवी होडी सजून उभी होती. रस्ता तिच्या समोरूनच जायचा. विधवांची वाट मागून, सुक्या मासळीच्या मांडवांमधून. हेमांगीने सवयीने स्टेरिंग तिकडे वळवलं.

"समोरून घे," सोनूबाई म्हणाली.

"आये, भावोजींचं काम जाईल."

सोनूबाईने होडीकडे पाहिलं. विनेश तिथेच होता, दोर धरून. "घे म्हनते ना."

टेम्पो होडीपुढे येऊन थांबला. होडी सरकवायचे ओंडके रस्त्यात पडले होते. वाजंत्री थबकली. गुणाजी हातात नारळ घेऊन तसाच उभा राहिला. विनेशने पुढच्या सीटवर बसलेल्या आईकडे पाहिलं. मग दोर खाली ठेवला आणि एकेक ओंडका उचलून बाजूला केला. त्याला मदतीला कुणी आलं नाही, पण अडवायलाही कुणी आलं नाही. टेम्पो पुढे गेला.

विनेशचं काम त्याच दिवशी सुटलं. आता तो टेम्पोत टोपल्या चढवतो आणि हेमांगी चालवते. कायद्याने तिला चालकपत्र दिलं, पण ती मागची वाट काही कायद्याने बुजत नाही. वाचकहो, आपल्याही गावात अशी एक वाट असेल. तिथून कोण जातं ते एकदा पाहून या, आणि त्यांना तिकडे कुणी धाडलं तेही घरी येऊन विचारा.