सोवळ्यातला वास

भालकीच्या घरात गॅसची शेगडी आली तेव्हापासून नलिनीबाईंना सोवळ्याच्या स्वयंपाकघरात सडक्या अंड्याचा पुसट वास यायचा. सून हैदराबादेची; चोरून अंडी खात असणार, दुसरं काय!

एकदा सून नळावर गेलेली पाहून त्या शेगडीमागं टरफलं हुडकू लागल्या. शेगडीच्या बटणात अडकलेला पदर त्यांनी हिसडून सोडवला. बघता बघता वास भपकन वाढला. शेजारणी नावं ठेवतील म्हणून त्यांनी खिडकी लावली, उदबत्तीसाठी काडेपेटी उचलली.

तेवढ्यात सुनेनं धावत येऊन पेटी हिसकावली, बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली.

"आत्याबाई, गॅस सुटलाय! गळती कळावी म्हणून मुद्दाम घालतेत हा वास."

नलिनीबाई दारापर्यंत मागं सरल्या. जिवात जीव आला तसे डोळे बारीक करून म्हणाल्या, "व्हय? मग अंड्याचाच कामून घालतेत?"