तमालाच्या हंडीतली दमडी

मी गप्प झाले, तरी झाकण उघडलं नाही. चाळीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

मी दमडी बोलतेय. तांब्याचं जुनं नाणं. बाजारात मला आता कुणी विचारत नाही. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या मंडईच्या दारात एल्पिडिया आजीची मोठी हंडी आहे, तिच्या तळाशी पाण्यात माझा मुक्काम. वर चाळणीवर, मक्याच्या पिठाचे, मक्याच्याच पानांत गुंडाळलेले तमाल वाफेवर शिजतात. पाणी उकळतंय तोवर मी खुळखुळते. आटलं की थांबते. मी थांबले की आजी पाणी ओतायची. आमचं बोलणं ते एवढंच.

त्या दिवशी मात्र करपल्याचा वास सुटला.

"आजी, आज धुराचे तमाल का?" एक गिऱ्हाईक खिदळलं.

"घरात कुणीतरी रागावलंय, म्हणून हंडी रुसली," करपल्याच्या वासानं आजी म्हणाली. आमच्याकडे असंच मानतात.

मंडईचा मुकादम फिदेन्सियो मात्र तिच्या कानाशी येऊन ओरडला, "पुन्हा करपले तर ही जागा जाईल हं, आजी!" तेव्हा मला कळलं. आजीचे कान गेले होते.

सून नेरेइदा शेजारीच मिरचीची चटणी वाढत होती. तिचे कान शाबूत होते. मी थांबल्याचं तिला कळलं होतं. तीही गप्प राहिली होती.

आजी हरणारी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिनं हंडीला तळहात लावला. माझी थरथर ती हातानं ऐकू लागली. हाताला फोड आले, पण एक तमाल करपला नाही. मीही जीव तोडून नाचायचे.

नेरेइदानं ते पाहिलं.

कांदेलारियाच्या सणाला अख्खी गल्ली तमाल मागते. त्या सकाळी तिनं हंडीभोवती जाड घोंगडी गुंडाळली. "बघवत नाहीत हो तुमचे हात, आई," ती आजीच्या कानाशी ओरडली.

"गुणाची गं माझी पोर," आजी म्हणाली.

पाणी आटलं. मी थांबले. आजीचा हात घोंगडीवरून फिरत राहिला, इकडून तिकडे, पुन्हा इकडे. मी तळाला चिकटून काळी पडले. चारशे तमाल जळाले.

मुकादम आला, काहीतरी बोलून गेला.

"काय म्हणाला गं तो?"

"तुम्ही आता आराम करा म्हणतात, आई," नेरेइदा तिच्या कानात ओरडली.

आता जागा नेरेइदाच्या नावावर आहे आणि गाड्यावर आजीचा मोठा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'चाळीस वर्षांची परंपरा'. लोक त्यासमोर उभे राहून तमाल खातात, "हा आपला वारसा" म्हणतात. आजी घरी बसून असते. तिच्या हाताला आता काहीच भाजत नाही.

खाणाऱ्यांनो, एक विनवणी आहे. घास घेताना फोटोतल्या हातांकडे बघा. फोड दिसतील.

आज पाणी आटलं, तशी मी भीत भीत थांबले. झाकण लगेच उघडलं.

"आले गं बाई, आले," नेरेइदा म्हणाली, आणि तिनं पाणी ओतलं.